तेरा नंबरची तार

मुकुंदराव अळणावरकर गिटार वाजवायला बसले की शेजारच्या शालिनीअक्का ओवा घेऊन येत.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना खिडकीतून फक्त चेहरा दिसला होता. गजांच्या आड मुकुंदराव. डोळे घट्ट मिटलेले, खालचा ओठ दातांत धरलेला, मान एका बाजूला ओढलेली, आणि दोन्ही हात खाली कुठेतरी पोटाशी. वायगोळा, असं शालिनीअक्कांच्या मनानं तिथल्या तिथं ठरवलं. त्यांच्या माहेरी घरटी एकाला होऊन गेला होता.

"काका, हे गरम पाण्याबरोबर घ्या. आणि बसून राहू नका, फेऱ्या मारा."

"अहो, मी एफ वाजवतोय."

"वाजू दे, वाजू दे. आत दाबून ठेवायचं नसतं."

मुकुंदरावांनी गिटार उचलून खिडकीत दाखवली. शालिनीअक्कांनी ती पाहिली, ओव्याची पुडी मात्र परत नेली नाही. असू दे घरात, म्हणाल्या.

हुबळीच्या देशपांडे नगरात, दोन दवाखान्यांच्या मधल्या बोळात, अळणावरकरांचं घर होतं. मुकुंदराव वीज खात्यात लाईनमन म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. खांबावर चढायचे दिवस मागे पडले तरी रस्त्यानं चालताना त्यांची नजर वरच असे. "त्या तारेला झोळ फार आलाय," असं ते रिक्षावाल्याला सांगत, आणि रिक्षावाला "हौदु री अण्णा, हो हो" म्हणून खड्ड्यात चाक घाली.

त्यांच्या पत्नी हेमावतीबाई शाळेत शिकवत असत. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचं खरं आयुष्य भजनी मंडळात होतं आणि त्याला निवृत्ती नव्हती. राममंदिर, दत्तमंदिर, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा. हेमावतीबाई गात, बाकीच्या बायका मागून ओढत. ह्या मंडळात मुकुंदरावांनाही एक पद होतं. हार्मोनियमची पेटी रिक्षातून उतरवायची, पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि मग दाराशी बसून चपलांकडे लक्ष द्यायचं.

चपलांपाशी बसलं की गाणाऱ्यांची पाठ दिसते. देवाकडे तोंड करून बसलेल्या बायकांच्या रांगेत मधोमध हेमावतीबाईंचा अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा, आणि तान वर गेली की तो गजरा थोडासा हले. इतकी वर्षं मुकुंदरावांनी बायकोचं गाणं त्या गजऱ्यावरूनच ओळखलं होतं. घरी त्या गात, पण ओट्याकडे तोंड करून. तिथंही पाठच.

निवृत्तीनंतर हे त्यांना एकाएकी खुपायला लागलं. माणसाला रिकामा वेळ मिळाला की काय खुपेल सांगता येत नाही. एकदा तरी आत, सतरंजीवर, हेमावतीच्या शेजारी बसायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण नुसतं कसं बसणार? मंडळाची शिस्त कडक होती. वाजवणारा किंवा गाणारा, तोच सतरंजीवर. गाण्याचा प्रश्न नव्हता. मुकुंदराव आरतीत सूर लावत तेव्हा पुजारी बाळाचार्य घंटा जोरात वाजवत.

राहिलं वाजवणं. आणि कपाटावर, बंगळुरूला नोकरीला गेलेल्या भार्गवीची, त्यांच्या लेकीची, गिटार धूळ खात पडली होती.

संक्रांतीनंतर त्यांनी ती काढली. मोबाईलवर शिकवणारा एक मुलगा सापडला, सी, जी, एफ ह्या कॉर्डना बोटं कुठं ठेवायची हेही कळलं. कळलं नाही ते एवढंच की पोलादी तार दाबताना माणसानं तोंडाचं काय करायचं.

मुकुंदराव दाबत बोटानं आणि जोर लावत तोंडानं. हेमावतीबाईंनी त्या तोंडांना नावं ठेवली होती. सी वाजवताना कारल्याची भाजी. जी वाजवताना नळाला पाणी न आल्याचं. आणि एफ, ज्यात एका बोटानं सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात, तो वाजवताना व्याही समोरून येताना दिसल्याचं.

"मला रामनवमीला तुझ्याबरोबर बसू दे," महाशिवरात्रीच्या उपासाला साबुदाणा भिजवताना मुकुंदराव म्हणाले. घटकाभर त्यांनी हे वाक्य तोंडातच घोळवलं होतं.

हेमावतीबाई हसल्या नाहीत, हेच त्यांचं मोठेपण. "बसा की. पण समोर देव असतो. त्याच्यापुढं बसून तुम्ही व्याही बघितल्यासारखं करणार. लोक काय म्हणतील, रामाचा जन्म झाला आणि ह्यांना काय झालं?"

"तोंड नाही वाकडं करणार."

"मग एक अख्खं भजन वाजवून दाखवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तोंड सरळ ठेवून. मी समोर बसून बघणार. जमलं की रामनवमीला माझ्या शेजारी सतरंजीवर. दिला शब्द."

मुकुंदरावांनी दुसऱ्याच दिवसापासून आरशासमोर बसून सराव सुरू केला. आरशानं त्यांचं धैर्य खचवलं.

त्यातून सकाळची साखर. मुकुंदरावांना मधुमेह होता आणि हेमावतीबाई रोज उठल्या उठल्या त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचून थेंब काढत. आता डाव्या हाताची बोटं गिटारला हवी होती.

"उजवं बोट घे."

"उजव्या हातानं तुम्ही जेवता. लिंबाचं लोणचं झोंबेल."

"मग अंगठा घे. अंगठ्याला तार नाही लागत."

"अंगठ्याची कातडी तुमची म्हशीसारखी. सुई मोडते." आणि त्यांनी बोलता बोलता करंगळीला टोचलंसुद्धा. मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर जी उमटला.

संध्याकाळी त्यांनी भार्गवीला फोन लावला. "अप्पा, पातळ तारा घाला," ती म्हणाली. तिच्या मागं ऑफिसचा गलका चालला होता. "तारा जितक्या पातळ, तितकं दाबायला सोपं. ती गिटार मी घेतली तेव्हापासूनच्या जुन्या तारा आहेत त्या, गंजल्या असतील. दुकानात जाऊन नुसतं सांगा, बोटाला हलक्या द्या म्हणून."

मुकुंदरावांना हे ऐकून उलट जोर आला. तारेतलं कुणी आपल्याला सांगावं? आजवर जिल्हाभर तारा कुणी ओढल्या? ते दुसऱ्या दिवशी बसनं धारवाडला गेले. तिथं सुभाष रोडवर वाद्यांचं एक दुकान त्यांना माहीत होतं.

दुकान प्रभंजन नावाच्या एका तरुणाचं होतं. त्याच्या वडिलांच्या काळी तिथं फक्त पेट्या, तबले आणि तंबोरे असत. प्रभंजननं अर्धी भिंत गिटारींना दिली होती आणि केस मागं बांधले होते. मुकुंदरावांनी ते केस क्षणभर पाहिले आणि मुद्द्यावर आले.

"गिटारच्या तारा. बोटाला हलक्या."

"कोण वाजवणार सर? नातू?"

"मी."

"वा! छान री." प्रभंजननं चार पाकिटं काउंटरवर मांडली. प्रत्येकावर मोठा आकडा होता. दहा, अकरा, बारा, तेरा. "बिगिनरला मी दहा देतो सर. फार तर अकरा."

मुकुंदराव हसले. खांबाखाली उभ्या असलेल्या नव्या पोराकडे बघून हसावं तसं.

इथं वीज खात्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्या खात्यात तारेचा नंबर जितका मोठा, तितकी तार पातळ. घराच्या अर्थिंगला आठ नंबरची, करंगळीला वेढा घालता येणार नाही अशी दणकट तार. आणि फ्यूजला छत्तीस नंबरची, केसासारखी. मुकुंदरावांच्या रक्तातच ते होतं. त्यांच्या लेखी दहा नंबरची तार म्हणजे खांबाला ताण द्यायची.

"दहा ठेव तू तुझ्याकडं," ते म्हणाले. "तेरा दे. चौदा, पंधरा काही आहे का?"

"तेराच्या वर ह्यात येत नाही सर. पण तेरा म्हणजे... कै गट्टी पाहिजे बरं का सर. हात मजबूत."

"हात मजबूतच आहे. सगळी नोकरी तारेतच गेली माझी."

प्रभंजनला वाटलं, सतारवाले असणार. धारवाडात हातगाडीवर भाजी घेणारा माणूसही सतारवाला निघू शकतो, तेव्हा वाद न घालण्याची त्याला सवय होती. त्यानं तेराचं पाकीट कागदात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर मुकुंदरावांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, पक्कड आणली, आणि जिन्याखाली जाऊन मेन बंद केला.

स्वयंपाकघरातला मिक्सर घर्रर्र करत थांबला. शेंगदाण्याची चटणी अर्धवट राहिली. "लाईट गेली का हो?"

"नाही. मी काढली."

"का?"

"तारा बदलतोय."

हेमावतीबाई हातात मिक्सरचं झाकण घेऊन बाहेर आल्या. "गिटारच्या?"

मुकुंदरावांनी गिटारकडं पाहिलं, मग जिन्याखालच्या बोर्डाकडं. तारेला हात लावण्याआधी मेन बंद. हा नियम त्यांनी स्वतः पाळला होता आणि हाताखालच्या कित्येकांना शिव्या घालून पाळायला लावला होता. "तार ती तार," ते जरा चिडून म्हणाले.

तारा चढवताना त्या जाड लागल्या, हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. पण नवी चप्पल चावतेच, म्हणून त्यांनी बोटांचं ऐकलं नाही. खुंट्यांच्या खाली पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर तारा बसायला बारीक खाचा असतात. त्या खाचांत नव्या तारा बसेनात. मग मुकुंदरावांनी कानशीनं खाचा रुंद केल्या, आणि हात लागलाच आहे म्हणून चांगल्या खोलही केल्या. कामात कसर ठेवायची त्यांना सवय नव्हती.

खुंट्या पिळून झाल्या. गिटारची मान ताणानं पुढं झुकली आणि तारा मानेवरच्या पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की बाराव्या पडद्यावर तारांखालून गोगलगाय डोकं न वाकवता गेली असती. मुकुंदरावांनी सी धरला. मग त्यांनी जो चेहरा केला त्याला हेमावतीबाईंकडं नाव नव्हतं.

आठवडाभर ते बर्फाच्या वाटीत बोटं बुडवून बसले. शालिनीअक्का दोनदा येऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनी बोळातल्या डॉक्टरांनाच बरोबर आणलं. डॉक्टरांनी गिटार हातात घेतली, एक तार दाबली, आणि "अय्यो!" असं ओरडून सोडून दिली. "हे कोण वाजवतं?" त्यांनी विचारलं. "हिच्यावर कपडे वाळत घाला हो. माझ्याकडं पेशंट येतात ते पुरे."

पाडवा होऊन गेला. रामनवमी दाराशी येऊन ठेपली. मुकुंदरावांनी गिटार चादरीत गुंडाळली आणि पुन्हा सुभाष रोड गाठला.

"तू मला जाड तारा दिल्यास," त्यांनी काउंटरवर चादर सोडली.

"तेराच मागितल्या होत्या की सर!"

"तेरा म्हणजे पातळ नको का? नंबर वाढला की तार कमी व्हायला हवी!"

प्रभंजननं दहाचं आणि तेराचं पाकीट शेजारी शेजारी मांडलं. मग हळूच, दुखावू नये अशा बेतानं, त्यानं सांगितलं की इथं आकडा म्हणजे तारेची जाडी. दहा म्हणजे बारीक, तेरा म्हणजे सगळ्यांत दांडगी. ज्यांची बोटं घट्टे पडून पडून खिळ्यासारखी झालीत, ते असल्या घेतात.

मुकुंदराव स्टुलावर बसले. सगळी नोकरी ज्या पायावर उभी होती तो पाया सुभाष रोडवर एका मागं केस बांधलेल्या मुलानं उलटा करून ठेवला होता.

"असं कुणी ठरवलं?"

"माहीत नाही सर. आधीपासून असंच आहे."

"आठ नंबरचं अर्थिंग बघितलंयस कधी?"

"इल्ल, नाही सर."

"बघ एकदा," मुकुंदराव म्हणाले. "मग बोलू." आणि त्यांनी दहा नंबरचं पाकीट घेतलं.

प्रभंजननं गिटार उलटीसुलटी करून पाहिली, खाचांपाशी थांबला, कपाळाला हात लावला. "सर, ही इथं ठेवून जा. पट्टी बदलावी लागेल, मान सरळ करावी लागेल. आठ दिवस द्या." आठ दिवस मुकुंदरावांकडं नव्हते. शिवाय आपली लाईन दुसऱ्याच्या ताब्यात देऊन घरी जाणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी चादर बांधली.

घरी पाऊल टाकताच हेमावतीबाईंनी पाकीट पाहिलं. "थांबा. आधी डाळ वाटून घेते. मग काढा लाईट."

या वेळी तारा मऊ होत्या. खरंच मऊ. मुकुंदरावांनी बोट टेकवलं आणि तार लोण्यात जावी तशी खाली गेली. त्यांना हसू फुटलं. सरळ, साधं, कुठल्याही भाजीचं नाव न देता येण्यासारखं हसू. मग त्यांनी तार छेडली.

झंऽऽऽन्.

तारेतून आवाज निघत होता, पण एकटा निघत नव्हता. त्याच्या मागून एक बारीक गुणगुण येत होती, बाटलीत मधमाशी अडकावी तशी. दुसरी तार छेडली. तीही तशीच. सगळ्याच तशा. त्यांनी धावत फोन लावला आणि तो गिटारजवळ धरला.

"हां सर, ऐकू आलं," प्रभंजन पलीकडून म्हणाला. "खाचा खोल झाल्यात ना, त्यात बारीक तारा आणखी खाली बसल्या. ताण कमी झाला म्हणून मानही मागं गेली. आता तारा पडद्यांना घासायला लागल्यात. हा मोठा दोष आहे सर. असं कुणापुढं वाजवू नका."

मुकुंदरावांनी फोन ठेवला. दोन दिवसांवर रामनवमी. त्यांनी दोषाकडं, म्हणजे मांडीवरच्या गिटारकडं, पाहिलं आणि पुन्हा तारा छेडल्या. एक, एक, एक.

स्वयंपाकघरात डाळीला फोडणी बसत होती. ती चुर्र होऊन शांत झाली आणि हेमावतीबाई हात पुसत दारात आल्या.

"तंबोरा कुणी काढला?"

"कुठला तंबोरा? मोडली ती. दोष आलाय तिच्यात."

"कोण म्हणालं दोष?" त्या खाली बसल्या. कान गिटारला जवळजवळ चिकटवला. "छेडा परत. अहो, ही जवारी आहे. तंबोऱ्यात हीच आणायला तारेखाली सुताचा धागा घालून तास तास बसतात लोक. माझ्या गुरुजींच्या तंबोऱ्याला ही लागत नव्हती म्हणून ते मिरजेला घेऊन गेले होते. आणि तुम्ही घरात कानशीनं काढलीत?"

"मी मुद्दाम नाही काढली."

"ते ठाऊक आहे मला."

त्यांनी खुंट्या हातात घेतल्या. एक तार पंचमात, दोन षड्जात, एक खर्जात. उरलेल्या दोन सैल सोडून दिल्या. मग गिटार उभी करून मुकुंदरावांच्या खांद्याला टेकवली. "आता डावा हात मांडीवर ठेवा. काही दाबायचं नाही. उजव्या हाताचं एक बोट, ह्या तारेवरून त्या तारेवर, सावकाश. घाई नको. रस्ता ओलांडल्यासारखं."

"पण मग सी? एफ?"

"एफ राहू दे."

"इतके दिवस बोटं सोलली मी त्यासाठी."

हेमावतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्हाला गिटार वाजवायची आहे, का माझ्या शेजारी बसायचंय?"

मुकुंदरावांनी डावा हात मांडीवर ठेवला.

हेमावतीबाई समोर बसून रामाचं भजन गायल्या, स्वतः चाल लावलेलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मुकुंदराव तारांवरची नजर न हलवता बोट फिरवत राहिले. काही दुखत नव्हतं. त्यांचं तोंड सरळ होतं, इतकं सरळ की भजन संपल्यावर हेमावतीबाईंनी त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवून खात्री करून घेतली.

"जमलं," त्या म्हणाल्या. "दिलेला शब्द दिलेला."

पण शब्द हेमावतीबाईंचा होता आणि मंडळाच्या सेक्रेटरी शालिनीअक्का होत्या. शिवाय विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी त्यांच्याच मालकीची होती. बटण दाबलं की तं तं तं सुरू. ती पेटी त्यांनी स्वतः दुर्गदबैलाच्या बाजारात हिंडून, चार दुकानं पालथी घालून घेतली होती.

"पेटी असताना काकांचं काय काम?" रामनवमीच्या संध्याकाळी, सतरंजी झटकताना, त्या म्हणाल्या. "आणि देवापुढं गिटार? बाळाचार्यांना विचारा."

बाळाचार्य प्रसादाच्या कोसंबरीत, भिजवलेल्या डाळीत, खोबरं घालत होते. "रामाला काय, आवाजाशी काम," ते म्हणाले. "पण दोन तंबोरे नकोत एकाच वेळी. कालवाकालव होईल."

शेवटी तोडगा निघाला. काकांनी बसावं. गिटार धरावी. वाजवू मात्र नये. वाजेल ती पेटी. "शोभेला बसा काका," शालिनीअक्का म्हणाल्या, आणि वाईट वाटू नये म्हणून त्यांना पानकाचा पहिला पेला दिला.

मुकुंदराव पानक प्यायले. गूळ, वेलदोडा आणि मिरी. शोभेला बसायचं म्हणजे चपलांची जागा तेवढी पुढं सरकली. तरी धरायचीच तर सुरात तरी असावी, म्हणून त्यांनी गिटार कानाशी नेली. एक तार उतरली होती. ती पिळायला हवी. ते उठले, सभामंडपाच्या कोपऱ्यात खांबामागं गेले, आणि त्यांच्या हातानं जे आजवर कित्येक खांबांपाशी केलं होतं तेच केलं. मग तार पिळली, नीट सुरात आणली, परत आले.

सभामंडपात कालवा उठला होता. पंखे फिरता फिरता थांबत होते. दिवे गेले होते. माईक मुका झाला होता, आणि पेटीतलं तं तं तं अर्ध्यावरच गिळलं गेलं होतं.

"करंट होतु! गेली लाईट!" मागून कुणीतरी ओरडलं. "आजच्या दिवशी तरी!"

"मोबाईलवर लावते तंबोरा," शालिनीअक्का म्हणाल्या. तो लागला, डासासारखा गुणगुणला, आणि तेवढ्यात एका बँकेचा फोन आला आणि बंद करता करता घेतलाच गेला. कर्ज हवं का, असं एक बाई रामासमोर गोड आवाजात विचारू लागली. शालिनीअक्कांनी घाईनं मोबाईल पिशवीत कोंबला. बाई पिशवीतूनही विचारत राहिली.

बाळाचार्यांनी समयांच्या वाती पुढं केल्या. रामनवमीला वाटायला आणलेले हातपंखे होतेच. ते फडफडू लागले. संध्याकाळचा शेवटचा उजेड दारातून आत येऊन पितळी प्रभावळीवर थांबला होता. हेमावतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"छेडा," त्या म्हणाल्या.

झंऽऽऽन्. माईक नव्हता, पंख्यांची घरघर नव्हती. ती बारीक गुणगुण मंडपाच्या छताला लागून हळूच खाली आली. बाळाचार्यांचा हात घंटेकडं गेला होता, तो तिथंच थांबला. हेमावतीबाईंनी सूर लावला.

दुसरं कडवं सुरू होईपर्यंत मुकुंदरावांना काही आठवलं नाही. मग आठवलं. खांब. कोपरा. बोर्ड.

"मुकुंदराव," मागून कुणीतरी वाकून कुजबुजलं, "तुम्ही खात्यातले. कधी येईल हो लाईट?"

सरळ तोंड ठेवण्याचा सगळा सराव त्या क्षणासाठीच होता. मुकुंदरावांनी समोर रामाकडं पाहत, ओठांची कडही न हलवता उत्तर दिलं, "येईल."

"मोठा फॉल्ट आहे का?"

"लहान आहे. माणसाच्या हातातला."

त्यांनी गिटार हळूच खाली ठेवायचा विचार केला. खांबापर्यंत जाऊन यायला कितीसा वेळ लागणार? ते गुडघ्यावर जोर देतात न देतात तोच हेमावतीबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसला, घट्ट. दोन ओळींच्या मधल्या जागेत, श्वास घेताना, त्या एवढंच म्हणाल्या, "चटणी वाटली नाही इथं कुणी. बसा."

हेमावतीबाईंना कळलं होतं. पहिल्या क्षणापासून कळलं होतं.

मुकुंदराव बसले. बोट ह्या तारेवरून त्या तारेवर, सावकाश. भजन वर चढलं, आणखी वर, आणि ज्या जागेवर आजवर त्यांनी फक्त गजरा हलताना पाहिला होता तिथं त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून बायकोचा चेहरा पाहिला.

हेमावतीबाईंचे डोळे घट्ट मिटलेले होते. एक भुवई कपाळात गेली होती, दुसरी खाली राहिली होती. नाक आक्रसलं होतं. तोंड एका बाजूला असं ओढलं गेलं होतं, की समोरून व्याही येताना दिसला असता तर तोच घाबरून मागं फिरला असता. सरळ सरळ एफ होता तो.

मुकुंदराव पाहत राहिले. सूर तिथं वर, समईच्या ज्योतीसारखा न हलता उभा होता, आणि खाली तो चेहरा.

सूर उतरला, हेमावतीबाईंनी डोळे उघडले. नवरा टक लावून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "काय?" त्यांनी नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

"तोंड," मुकुंदराव हळूच म्हणाले.

हेमावतीबाईंना पुढची ओळ घ्यायची होती. ती त्यांना काही केल्या घेता येईना. खांदे हलायला लागले होते. मागच्या बायकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. शालिनीअक्का कासावीस होऊन पिशवीत ओव्याची पुडी शोधू लागल्या, आणि आतून बँकेची बाई पुन्हा बोलायला लागली.

मुकुंदरावांचं तोंड मात्र सरळ होतं. त्यांनी पंचमाची तार छेडली, षड्जाच्या दोन, मग खर्जाची, आणि बायको हसू आवरून ओळीवर परत येईपर्यंत ते छेडत राहिले.